चित्रफितीच्या कॅमेऱ्याची ओढ आणि नगर जिल्ह्यातील चित्रपट

चित्रफितीवर चित्रण करणारा कॅमेरा व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाल्यानंतर त्याच्याविषयीचे लेखन वाढीस लागले, ही गोष्ट स्वाभाविकच म्हटली पाहिजे. आरी, पॅनाव्हिजन आणि आटोन ह्या प्रमुख कंपन्यांनी फितीच्या नव्या कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबविल्याचे वृत्त २०११ साली प्रसिद्ध झाले. कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि फुजी कंपनीने २०१३ साली चलच्चित्रणाच्या फितीचे उत्पादन बंद केले. एका शतकाहून अधिक काळ चाललेला व्यवसाय दोन-तीन वर्षांत असा आवरला गेला. घरगुती छायाचित्रणात हा बदल त्याच्याही आधी घडून आला होता. बडोद्यास तयार होणारा आणि एकेकाळी मध्यमवर्गीय मराठी घरांतून आढळणारा आग्फा क्लिक-थ्री हा कॅमेरा आता काचेच्या कपाटातील शोभेची वस्तू झाला आहे. त्यात एका गुंडाळीवर बारा चित्रे निघत. त्या बारा चित्रांचे गुणगान हल्लीच्या मराठी ललित लेखनात वारंवार कानी पडते.

ह्या गुणगानाचे स्वरूप तपासून पाहण्याजोगे आहे. स्मरणरंजन हा काही केवळ मनाचा विसावा नसतो. कोणती गोष्ट मोलाची होती आणि कोणती गौण, ह्याचा निर्णय त्यात अगोदरच दिलेला असतो, आणि वाचकाने तो निमूटपणे स्वीकारावा अशी अपेक्षा असते. चित्रफितीच्या कॅमेऱ्यासंबंधी असा जो निर्णय दिला जातो, तो नगर जिल्ह्याच्या अनुभवाशी ताडून पाहिला असता कितपत टिकतो, हा येथील विवेचनाचा विषय आहे. २०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, तो हा जिल्हा चित्रपटसृष्टीचे केंद्र कधीच नव्हता. ताडून पाहण्यास तो उपयुक्त ठरतो तो ह्याच कारणाने.

फितीच्या कॅमेऱ्याचे पक्षपाती जी प्रमाणे देतात, त्यांपैकी पोताविषयीचे प्रमाण सर्वांत अधिक वेळा दिले जाते आणि तेच सर्वांत दुबळे आहे. फितीवरील रौप्यकणांमुळे चित्राला एक प्रकारचा सजीव खरखरीतपणा येई, हे खरेच. परंतु ज्या काळात ते कण होते, त्या काळातील छायालेखक ते कमी कसे होतील ह्याच विवंचनेत असत. दोष म्हणून ज्याचा परिहार करावयाचा, तेच कालांतराने गुण म्हणून आठवावयाचे, हा स्मरणाचा नेहमीचाच व्यापार आहे. त्यावर सौंदर्यविचार उभारता येत नाही.

काटकसरीचे प्रमाण मात्र गंभीरपणे घेतले पाहिजे. पस्तीस मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. सेकंदाला चोवीस चित्रे ह्या वेगाने एका मिनिटाला नव्वद फूट फीत खर्च होते आणि हजार फुटांची गुंडाळी अवघी अकरा मिनिटे पुरते. कॅमेरा सुरू झाला की पैसा वाहू लागतो, ही जाणीव दिग्दर्शकापासून दिवे धरणाऱ्या मुलापर्यंत सर्वांना असे. त्यामुळे तालमी होत, चौकट विचारपूर्वक ठरे, नट आपले वाक्य पक्के करून येत असे. शिवाय जे चित्रित झाले ते फीत धुऊन येईपर्यंत कोणास दिसत नसे. डोळ्यांनी पाहिलेले आणि फितीने टिपलेले ह्यांत जो काळ जाई, त्यात कलावंताला आपल्या निर्णयाची जबाबदारी वाहावी लागे. डिजिटल कॅमेऱ्याने हे अंतर नाहीसे केले. चित्रण तत्काळ पाहता येते, न आवडल्यास पुसता येते. ह्या सोयीने काही सैलपणा आला, हे मान्य करावे लागेल.

पण ही काटकसर कोणाला परवडत होती, हा प्रश्न ह्या लेखनात सहसा उपस्थित होत नाही. पंधरा मिनिटांच्या एखाद्या लघुपटाचा हिशेब करून पाहावा. अंतिम चित्रपटास साडेतेराशे फूट फीत लागेल. प्रत्येक दृश्य सरासरी चार वेळा चित्रित केले, तर कच्च्या फितीची गरज पाच हजार चारशे फुटांवर जाते. त्यावर ती धुण्याचा, छापण्याचा आणि कॅमेऱ्याच्या भाड्याचा खर्च. पुन्हा ही सर्व सामग्री आणि प्रयोगशाळा मुंबईस वा फार तर पुण्यास. संयम हा कलावंताचा गुण खरा. परंतु येथे त्या संयमापर्यंत पोहोचण्यासाठी आधी दाराशी भरावयाचे एक शुल्क होते, आणि ते भरणारी माणसे कोठली होती हे चित्रपटाच्या इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

तो इतिहास महाराष्ट्रापुरता पाहिला तरी पुरे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन आले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा त्यांनी मागविला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पुढे त्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलविले. कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर ह्या बंधूंनी आरंभिलेल्या खटपटीतून १९१८च्या सुमारास देशी बनावटीचा कॅमेरा सिद्ध झाला. प्रभात कंपनी कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ साली पुण्यात आली. नाशिक, कोल्हापूर, पुणे, मुंबई ह्या चौकोनात कॅमेरा फिरला. नगर ह्या चौकोनाच्या जवळ असूनही तेथे तो वस्तीला आला नाही.

नगर जिल्ह्याने चित्रपटाला दिले ते चेहरे आणि विषय. शाहू मोडक ह्यांचा जन्म १९१८ साली नगरचा. ख्रिस्ती कुटुंबातील ह्या नटाने पडद्यावर कृष्ण उभा केला आणि १९४० साली प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वरांची भूमिका केली. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली असे परंपरा मानते, ते नेवासे नगर जिल्ह्यातलेच. नट नगरचा, चरित्रनायकाच्या ग्रंथाचे स्थान नगर जिल्ह्यातले. कॅमेरा मात्र पुण्याच्या कलागृहात. शिर्डीचे उदाहरणही पाहण्याजोगे आहे. १९१८ साली समाधिस्थ झालेल्या साईबाबांची छायाचित्रे मोजकीच आहेत. आज घराघरांत, दुकानांत, मालमोटारींच्या काचांवर दिसणाऱ्या असंख्य प्रतिमा त्या मोजक्या चित्रांच्या आणि काही रंगचित्रांच्या वंशातल्या आहेत. ज्या भूमीत छायाचित्राला एवढे आयुष्य लाभले, त्या भूमीत छायाचित्र घेणारा बहुधा पाहुणा असे. तो येई, चित्र घेई आणि यंत्रासह परत जाई.

येथे कॅमेरा आणि प्रक्षेपक ह्यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण स्मरणरंजनपर लेखनात ह्या दोहोंची सरमिसळ होते. प्रक्षेपक गावोगाव फिरला. जत्रेच्या मैदानावर उभारलेल्या तंबूत, जमिनीवर मांडी घालून, ज्यांच्या घरी आरसादेखील नव्हता अशांनी चित्रपट पाहिले. त्या यंत्राचा आवाज, फीत तुटल्यावर उठणारी आरोळी, पडद्यामागून उलटे चित्र पाहणारी मुले ही आठवण ग्रामीण महाराष्ट्राची स्वतःची आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया ह्यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) ह्या माहितीपटाने महाराष्ट्रातील फिरत्या चित्रगृहांची अखेर टिपली आहे. कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. जुने प्रक्षेपक भंगारात निघतात, डिजिटल प्रक्षेपक त्यांची जागा घेतो, आणि आयुष्यभर प्रक्षेपक दुरुस्त करणारा कारागीर स्वतःच्या कल्पनेने बांधलेले नवे यंत्र अभिमानाने दाखवितो, ज्याला आता गिऱ्हाईक उरलेले नाही. ह्या माहितीपटातील हळहळ खरी वाटते, कारण तीमागे माणसाचे हातचे काम आहे. ते काम गेल्याने कोणाचे काय गेले, हे तेथे नेमके दिसते.

परेश मोकाशी ह्यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) ह्या चित्रपटासंबंधी असे म्हणता येत नाही. भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविल्या गेलेल्या ह्या चित्रपटाचा आनंदी स्वर मोहक आहे आणि नंदू माधव ह्यांचे फाळके प्रेक्षकाला जिंकून घेतात, ह्याविषयी दुमत नसावे. तथापि त्या चित्रपटातला कॅमेरा हे एका छांदिष्ट गृहस्थाचे अद्भुत खेळणे आहे. घरातील चीजवस्तू विकल्या जातात, दागिने जातात, डोळ्यांवर परिणाम होतो, पण प्रत्येक संकट विनोदाच्या एका झुळकीसरशी विरून जाते. कॅमेऱ्याची किंमत मोजली गेली, ही गोष्ट कथानकात येते आणि अनुभवात मात्र उतरत नाही. स्मरणरंजन वस्तूवर प्रेम करते आणि तिच्या हिशेबाची वही मिटून ठेवते, ह्याचे हे चांगले उदाहरण होय. चित्रपटाने खेळकर असू नये असे नाही. परंतु त्या खेळकरपणामुळे चित्रपटनिर्मिती ही केवळ जिद्दीची बाब आहे असा ग्रह होतो आणि भांडवल, जात, शहर ह्या बाबी दृष्टिआड होतात.

ह्या पार्श्वभूमीवर नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयातील संज्ञापनाच्या अभ्यासक्रमाचे महत्त्व ध्यानी यावे. नागराज मंजुळे ह्यांचा ‘पिस्तुल्या’ (२००९) हा सुमारे पंधरा मिनिटांचा लघुपट तेथील शिक्षणाच्या काळातला. शाळेची ओढ असलेल्या, पण चोरीवाचून गत्यंतर नसलेल्या मुलाची ही कथा राष्ट्रीय पुरस्काराची मानकरी ठरली. वर केलेला फुटांचा आणि पैशांचा हिशेब येथे पुन्हा आठवावा. जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लघुपट करावा, ही गोष्ट फितीच्या राज्यात जवळजवळ अशक्य कोटीतली होती.

मंजुळे ह्यांचा पहिला दीर्घ चित्रपट ‘फँड्री’ २०१३ साली महोत्सवांतून आणि फेब्रुवारी २०१४मध्ये महाराष्ट्रातील चित्रगृहांतून आला. कथेतील गाव नगरजवळचे अकोळनेर. कैकाडी समाजातील जब्या, त्याचे वडील कचरू माने, वर्गातील शालू ह्यांची ही गोष्ट आता सर्वपरिचित आहे. विवेचनाच्या दृष्टीने तीत लक्षणीय आहे तो पाहण्या-पाहविण्याचा प्रश्न. जब्याची सारी धडपड दिसण्याची आहे. शालूने आपल्याकडे पाहावे, जीनची विजार अंगात असताना पाहावे, डुकरामागे धावताना मात्र पाहू नये. छायाचित्राच्या स्मरणरंजनात ‘टिपले जाणे’ हे नेहमी सुखाचे मानले जाते: वाढदिवस, सहल, लग्नाचा मांडव. जब्याच्या जगात टिपले जाणे ही नामुष्कीही असू शकते, हे ह्या चित्रपटाने मराठी प्रेक्षकाला प्रथमच एवढ्या तीव्रतेने दाखविले.

जत्रेचा प्रसंग ह्या दृष्टीने पाहावा. हलगीच्या तालावर नाचून शालूच्या नजरेस पडावे म्हणून जब्या आला आहे. क्षणभर तो नाचतोही. लगेच वडील त्याच्या डोक्यावर दिवा देतात. ज्या उजेडात गाव नाचणार आहे, तो उजेड जब्याच्या मस्तकावर, आणि तो स्वतः जागच्या जागी ताटकळलेला. चित्रपटमाध्यम मुळात प्रकाशाचे आहे. तेव्हा प्रकाश वाहून आणणारा कोण आणि त्या प्रकाशात दिसणारा कोण, हा प्रश्न ह्या एका प्रतिमेत जितका नेमका मांडला गेला आहे, तितका तो माध्यमाविषयीच्या कित्येक निबंधांतूनही मांडला गेलेला नाही. विक्रम अमलाडी ह्यांच्या छायालेखनाने ह्या प्रसंगी भावविवशतेचा मोह आवरला आहे, हेही नमूद केले पाहिजे. मुलाच्या चेहऱ्यावरचे पाणी पुरेसे होते.

डुक्कर पकडण्याचा अखेरचा दीर्घ प्रसंग तर ह्याहून कठोर आहे. शाळेच्या परिसरात हे कुटुंब डुकरामागे धावते आणि गाव खेळाचा सामना पाहावा तसे ते पाहत राहते, हसत राहते. हाताशी आलेले डुक्कर राष्ट्रगीत सुरू झाल्यामुळे निसटते, कारण सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहिले आहे. पुढे बांधलेले डुक्कर वाहून नेताना शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर इत्यादींची चित्रे दिसतात. हा योग जरा उघड आहे, अशी तक्रार झाली तर ती सर्वथा गैरलागू म्हणता येणार नाही. परंतु त्यानंतर जब्या चिडवणाऱ्यांवर दगड भिरकावू लागतो आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येतो. पडदा काळा होतो.

हा दगड प्रेक्षकावर आहे, असे बहुतेक परीक्षणांतून म्हटले गेले, आणि ते योग्यच आहे. पण तो ज्या भिंगावर येतो, त्या भिंगालाही एक इतिहास आहे. पाहुणा म्हणून गावात येणारे, गावाला विषय मानणारे आणि निघून जाणारे ते भिंग आहे. ह्या चित्रपटात प्रथमच त्या भिंगामागे, जब्यासारखेच बालपण काढलेला माणूस उभा आहे. त्यामुळे दगडाला दुहेरी अर्थ येतो: मारणारा आणि मार खाणारे यंत्र चालविणारा, दोघेही एकाच वस्तीतले. फितीच्या कॅमेऱ्याविषयी हळहळणाऱ्या लेखनाला हा दगड पचविता येत नाही. त्या लेखनातील कॅमेरा नेहमी निष्पाप असतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल: मग डिजिटल कॅमेऱ्याने सर्वांना समान केले, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल, आणि त्याचे उत्तरही ह्याच जिल्ह्यात आहे. श्रीगोंदे तालुक्यातून आलेल्या भाऊराव कऱ्हाडे ह्यांचा ‘ख्वाडा’ हा चित्रपट २०१५च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. त्यापूर्वीच बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला होता, आणि प्रत्यक्ष स्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचाही गौरव झाला होता. जमीन गमावून मेंढ्यांमागे भटकणाऱ्या धनगर कुटुंबाची ही कथा. ती सांगता यावी म्हणून दिग्दर्शकाने आपली शेतजमीन विकली, हे सर्वश्रुत आहे. तेव्हा कच्च्या फितीचे शुल्क गेले म्हणून चित्रपट फुकट झाला, असे नाही. माणसे, प्रवास, ध्वनी, संकलन आणि सर्वांत जड म्हणजे प्रदर्शन, ही ओझी तशीच राहिली. फाळक्यांच्या घरातले दागिने आणि श्रीगोंद्याची जमीन ह्यांत एक शतकाचे अंतर आहे. हिशेबाची वही तीच आहे.

‘ख्वाडा’च्या मांडणीतून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. माळरानावर पसरलेले कळप, लांबून पाहणारी स्थिर चौकट, स्थळीच मुद्रित केल्यामुळे कानी येणारे वारे आणि मेंढ्यांचे बेंबटणे ह्यांत उतावळेपणाचा मागमूस नाही. जो संयम फितीच्या किमतीमुळे येतो असे सांगितले जाते, तो येथे विषयाच्या ओळखीतून आलेला आहे. मेंढपाळाचा दिवस कसा सरतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कॅमेरा किती वेळ स्थिर ठेवावा हे फितीच्या फुटांकडून शिकावे लागत नाही. फितीच्या काळातील सैल, पसरट आणि उथळ चित्रपटांची संख्या ध्यानात घेतली, तर महाग फितीनेही सर्वांना संयम शिकविलेला नव्हता, हे उघड आहे.

एका बाबतीत मात्र फितीची बाजू घेणे भाग आहे, आणि ती बाजू स्मरणरंजनाच्या लेखनात अभावानेच येते: टिकाऊपणा. फीत हातात धरून प्रकाशासमोर नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. थंड व कोरड्या जागी ठेवली तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग शंभरांहून अधिक वर्षांनंतरही पाहता येतो, त्याचे श्रेय फितीला आणि ती धुंडाळून आणणाऱ्या पी. के. नायर ह्यांच्यासारख्या संग्राहकांना आहे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, ते ह्याच श्रद्धेवर. अर्थात फीतही अमर नव्हती. मराठीतील बहुतेक मूकपट नष्ट झाले आहेत आणि जानेवारी २००३मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. तथापि फितीचा नाश डोळ्यांना दिसतो. डिजिटल प्रत नष्ट होते ती निमूटपणे. तबकडी बिघडते, संगणकाची आज्ञावली बदलते, जुना साचा नव्या यंत्राला उघडत नाही, आणि हरवले आहे हे कळण्यासही कोणी शोधावे लागते.

फितीच्या कॅमेऱ्याची खरी वानवा नगर जिल्ह्याला आज कोठे भासत असेल, तर ती येथे. पुरस्कारप्राप्त दीर्घ चित्रपटांच्या प्रती कोठे ना कोठे राहतील. परंतु जिल्ह्याच्या महाविद्यालयांतून गेल्या दीड-दोन दशकांत विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक म्हणून जे लघुपट केले, त्यांत ह्या भूमीतील बोली, वस्त्या, दुष्काळ, ऊसतोडणी, जत्रा प्रथमच आतल्या माणसांनी टिपल्या असणार. पुण्यातील संग्रहालय नगरपासून सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे. पण तेथे जाणारी वाट अजून प्रामुख्याने व्यावसायिक चित्रपटांची आहे. विद्यार्थ्याच्या प्रबंधाची एक प्रत ग्रंथालयात ठेवण्याचा दंडक विद्यापीठांनी पूर्वीच घालून दिला आहे. लघुपटाला तो लावावयाचा तर मूळ चित्रण, संकलित प्रत, संवादांची संहिता आणि कलावंतांची नामावली एवढे ठेवून घ्यावे लागेल आणि काही वर्षांच्या अंतराने ती सामग्री नव्या साच्यात उतरवीत राहावे लागेल. हे काम मराठी, इतिहास आणि संज्ञापन ह्या विभागांपैकी कोणाच्या कक्षेत येते, ह्याचा निर्णय प्रथम व्हावा लागेल.